फर्स्ट एडच्या सात पेट्या

आमच्या स्वयंपाकघरात एक ड्रॉवर आहे. त्यात रबरबँड, कुठल्या कुलपाच्या ते ठाऊक नसलेल्या चाव्या, बंद पडलेली पेनं असं काय काय जमत जातं. मुद्दाम कुणी ठेवत नाही, तरी दर दिवाळीला तो ड्रॉवर उघडता येईनासा होतो. माझ्या नोकरीतल्या किश्शांचं अगदी तसंच झालंय. मी काही ते गोळा करायला गेले नव्हते हो! मी जाते महिन्यातून एकदा कारखान्यातल्या फर्स्ट एडच्या पेट्या तपासायला. कापूस आहे का, मलम आहे का, तारीख उलटून गेली नाही ना, एवढंच बघायचं. अर्ध्या तासाचं काम! पण पेटीत असायला हवं ते काही सापडत नाही आणि घरी येताना मी एक किस्सा मात्र घेऊन येते.

आता तुम्ही विषय काढलाच आहे तर ऐका. पोहे गार होऊ देऊ नका, तुम्ही खा, मी बोलते.

*

आधी कारखाना समजून घ्या. पोलोग्राउंडच्या औद्योगिक भागात आमची पुठ्ठ्याची खोकी बनवायची फॅक्टरी आहे. आमची म्हणजे आमच्या मालकांची, बाबूजींची. मी तिथे ॲडमिन बघते. घरी मी मंजिरी, तिथे मॅडमजी. रोज ट्रक भरून खोकी बाहेर पडतात, सगळी एका मापाची, झाकणाला झाकण जुळणारी. आणि त्याच कारखान्यात भिंतीवर टांगलेल्या सात पेट्या काही केल्या नीट राहत नाहीत! जन्मभर खोकी बनवणाऱ्या माणसांना सात खोकी सांभाळता येऊ नयेत, यापरती फजिती कुठली?

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे पीथमपूरची एक औषध कंपनी. वर्षातून एकदा त्यांचा ऑडिटर येतो. चष्मेवाला, सडपातळ, अगदी हळू आवाजात बोलणारा तरुण. असा माणूस हळू आवाजात काही विचारायला लागला की मी आधी फाइल शोधायला लागते. गेल्या वर्षी तो आला, सगळीकडे फिरला, खूश दिसला, आणि जाता जाता त्यानं डिस्पॅचमधली फर्स्ट एडची पेटी उघडली.

आत शेवेची पुडी होती. पोह्यांवर भुरभुरायच्या जीरावन मसाल्याची बरणी होती. दोन हिरव्या मिरच्या आणि अर्धं लिंबू. सकाळच्या पोह्यांची सगळी सोय! कापसाचा बोळासुद्धा नव्हता.

तो हळूच म्हणाला, "इसमें एक्सपायरी कौन चेक करता है?"

आमचे स्टिचिंगचे सुपरवायझर कैलाश भिया, म्हणजे भैया, शेजारीच उभे होते. कारखान्यातले सगळ्यात जुने. ऑडिटरनं काही विचारलं की पटकन उत्तर द्यायचं, एवढं त्यांना पाठ. ते छाती काढून म्हणाले, "साहब, नींबू रोज़ नया आता है. बासी तो हमारे यहाँ कोई खाता ही नहीं!"

त्यानंतर तो माणूस बराच वेळ नुसता लिहीत होता.

रिपोर्टात फर्स्ट एडपुढे लाल शेरा आला. खाली एक ओळ होती: पुढल्या वर्षी हेच दिसलं तर मोठी ऑर्डर दुसरीकडे जाईल. त्या ऑर्डरच्या भरवशावर बाबूजींनी नवी लाइन टाकली होती आणि तिच्यावर बारा बायका कामाला ठेवल्या होत्या. त्या बारा जणी मी निवडलेल्या, मी बोलावलेल्या. ऑर्डर गेली की लाइन बंद, आणि त्यांना घरी जायला मीच सांगायचं!

बाबूजींनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, आज से ये सातों डिब्बे आपके."

त्या बारा जणींत संगीता सगळ्यात लहान. नोकरी लागली म्हणून तिनं मुलीचं नाव कारखान्याजवळच्या शाळेत घातलं होतं. मी पेट्या तपासायला निघाले की ही दर महिन्याला आपली विचारणार, "मॅडम, या बार पक्का पास होणार ना आपण?" मी तोंडभर "हो" म्हणायची आणि पुढची पेटी उघडायची. ती रिकामी निघायची.

*

पहिला चोर सापडला श्रावणात.

सातही पेट्यांमधला कापूस आठवड्याला संपत होता. जखमी तर कुणी दिसत नव्हतं! मी आपली स्टोअरमधून नवे रोल घेऊन जात होते आणि स्टोअर सांभाळणारे जोशीकाका मान हलवत म्हणत होते, "काय लोक आहेत गं! कापूससुद्धा सोडत नाहीत."

जोशीकाका आमच्या लोकमान्यनगरचेच. माझ्या वडिलांच्या ओळखीचे, म्हणून मला अजूनही मंजिरी म्हणतात आणि मधूनमधून दटावतातही. एक दिवस दुपारी मी न सांगता स्टोअरमध्ये गेले. काका स्टुलावर मांडी घालून बसले होते, गुडघ्यावर आमचा कापूस, बोटांना जरासं दूध लावलेलं, आणि पुढे स्टीलच्या ताटात फुलवाती. ताट शिगोशीग भरलेलं!

काकूंनी त्या वर्षी लाख वातींचा नेम केला होता. त्यांची बोटं दुखायला लागली म्हणून निम्म्या वाती काकांकडे आल्या होत्या.

"काका, हा फर्स्ट एडचा कापूस आहे!" मी ओरडलेच.

काका जराही हलले नाहीत. त्यांनी कापसाचं पाकीट उचलून माझ्यापुढे धरलं. "वाच. काय लिहिलंय? स्टराइल! बजारातला कापूस कुठे कुठे पडलेला असतो, कोण कोण हात लावतं. देवाला याच्याहून सोवळ्यातलं काय देऊ, तूच सांग."

मी रागावले. म्हटलं, उद्या सकाळपर्यंत सगळा कापूस परत पेट्यांमध्ये दिसला पाहिजे. काका शब्दाचे पक्के! दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तर सातही पेट्यांमध्ये पन्नास-पन्नास फुलवातींच्या जुड्या ठेवलेल्या. वर चिठ्ठी, काकांच्या वळणदार अक्षरात: "जखम पुसण्यासाठी. एका वेळी एक पुरते."

*

मग आला दसरा.

दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या मशिनींची पूजा होते. पूजा सांगायला भटजी लागत नाही, बॉयलरवाले मुन्नालालजी आहेत. वयस्कर, धार्मिक, बॉयलरशेजारी राहून राहून कायम लाल दिसणारे. स्टिचिंग मशीन झालं, कटर झाला, बॉयलर झाला, वजनकाटा झाला. हार, कुंकू, नाडा म्हणजे पूजेचा लाल दोरा. उत्साहाच्या भरात मुन्नालालजींनी फर्स्ट एडच्या सातही पेट्यांना कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि कडीला घट्ट लाल नाडा बांधला. मला ते छान वाटलं. म्हटलं, चला, पेट्यांना कुणीतरी मान दिला!

चार दिवसांनी तपासायला गेले. पेटीला हात लावणार तोच मुन्नालालजी पुढे आले. "मॅडमजी, बँधा हुआ है. अब तो देवउठनी ग्यारस के बाद ही खुलेगा."

म्हणजे कार्तिकी एकादशीपर्यंत, जवळजवळ महिनाभर! तोवर पुठ्ठ्यानं कुणाला कापलं तर?

"देव देखेंगे."

मी म्हटलं, देव बघतील तेव्हा बघतील, मी नाडा कापते. पण कात्री होती पेटीत आणि पेटी होती नाड्यात! सातही ठिकाणी तेच. शेवटी डिस्पॅचमध्ये विमलताई इंगळे एका कात्रीनं खोक्यांची पट्टी कापताना दिसल्या. विमलताई डिस्पॅच सांभाळतात. महूच्या, वडील फौजेत होते, आणि त्यांच्या तोंडून अजून कुणी "चुकलं" हा शब्द ऐकलेला नाही.

"ताई, ही कात्री फर्स्ट एडची ना?"

"हो मॅडम. पेटीत असुरक्षित होती. मी ताब्यात घेतली आहे."

कात्री मिळाली. पण ती घेऊन मी पेटीपाशी पोचते तो कैलाश भिया आडवे! "पूजा के नाड़े को कैंची? ना मॅडमजी ना! पहले नारियल फूटेगा, फिर हाथ से खुलेगा."

नारळ आणला. सगळा हॉल काम सोडून गोळा झाला. मुन्नालालजींनी मंत्र पुटपुटला, नारळ डोक्याच्या वर नेला आणि दगडावर आपटला. नारळ फुटला आणि त्याबरोबर मुन्नालालजींच्या अंगठ्याचं सालटं निघालं. रक्त!

मी रुमाल शोधायला लागले. मुन्नालालजींनी मात्र अंगठ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"लो! मुहूर्त निकल आया!"

*

कैलाश भिया गौतमपुऱ्याचे. गौतमपुरा म्हटलं की हिंगोट आलंच. हिंगोट म्हणजे एक कडक सालीचं फळ. ते पोखरून त्यात बारूद भरायची आणि दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी दोन गावांच्या टोळ्यांनी मैदानात उभं राहून पेटती हिंगोटं एकमेकांवर फेकायची! भियांच्या घरातले सगळे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या ते फेकत आलेत. दरवर्षी दिवाळीनंतर भिया कुठेतरी भाजून येतात आणि आम्ही त्यांना फराळाचा डबा देतो.

या दिवाळीच्या सुट्टीआधी मी पेट्या तपासल्या, तर भाजल्यावर लावायच्या मलमाच्या सातही ट्यूब गायब. मला विचार करायची गरजच पडली नाही. पार्किंगमध्ये भिया मोटरसायकलला किक मारत होते. शर्टाचा खिसा फुगलेला.

"भिया, मलम!"

"मॅडमजी, जंग पे जा रहा हूँ!" असं म्हणून गेलेसुद्धा. आता लढाईवर निघालेल्या माणसाला मी काय अडवणार?

सुट्टीनंतर आले ते उजवी भुवई नसलेले. मी चिडून बसले होते, पण ती अर्धी कोरी मुद्रा बघून मलाच वाईट वाटलं. म्हटलं, जाऊ दे, निदान औषध कामाला तरी आलं. विचारलं, "लगेच लावलं होतं ना मलम?"

"किसको? मुझे?" भियांना धक्काच बसला. "अपन को क्या होना है मॅडमजी! मलहम तो सामने वालों के लिए ले गया था. मारा हमने, तो लगाएगा कौन?"

*

एवढं झाल्यावर मी कायदा आणला. प्रत्येक पेटीशेजारी एक वही दोरीनं बांधली. तारीख, नाव, काय इजा झाली, काय घेतलं, सही. लिहिल्याशिवाय काहीही काढायचं नाही!

लोकांनी मनापासून लिहायला सुरुवात केली. मीच मागे पडले, म्हणजे वाचायला.

बॉयलरच्या पेटीची वही सगळ्यात सोपी होती. रोज एकच नोंद. नाव: मुन्नालाल. इजा: गर्मी. घेतलं: संतरे वाला. संतरे वाला म्हणजे संत्र्याच्या चवीचं ओआरएस. बॉयलरपाशी घाम गाळणाऱ्या माणसानं ते घेतलं तर मी काय बोलणार? पण रविवारीही नोंद होती! कारखाना तर रविवारी बंद असतो. विचारलं तर म्हणाले, "इतवार का शनिवार को ही पी लेता हूँ."

डिस्पॅचच्या वहीत विमलताईंची नोंद: "इजा: निरंक. घेतलं: कात्री. परत करण्याची तारीख: निवृत्ती."

आणि चिकटवायच्या पट्ट्या? त्या तर दोन दिवसांत संपायच्या. सगळ्या पेट्यांमधून, मूठमूठ. इजेच्या रकान्यात लोक बिनदिक्कत "छोटी" लिहून मोकळे व्हायचे. नवीन लाइनवरच्या बायका तर सगळ्यात पुढे. मी त्यांची बोटं तपासली. एकीच्याही बोटाला पट्टी नाही! संगीताला बाजूला घेऊन विचारलं, तर तिनं ओढणीत तोंड लपवून हसून घेतलं. "मॅडम, लागतातच ना हो त्या."

त्यातच लग्नसराई सुरू झाली. एक दिवस स्टिचिंगच्या वहीत कैलाश भियांची ताजी नोंद दिसली. घेतलं: पट्टी, चार. इजा: होने वाली है.

मी वही घेऊन तडक त्यांच्यापाशी गेले. "भिया, हे काय आहे?"

"साले की शादी है मॅडमजी. नए जूते लिए हैं." ते आपल्या पायांकडे बघत गंभीरपणे म्हणाले, "काटेंगे तो सही!"

*

संक्रांतीनंतर मॉक ड्रिल घेतली. म्हणजे खोटा अपघात, खोटा पेशंट आणि खरं बँडेज. सूत्रं विमलताईंच्या हाती. पेशंट म्हणून जोशीकाकांना निवडलं, कारण त्यांच्याकडे त्या वेळी काम नव्हतं आणि ते सगळ्यांच्या कामाला नावं ठेवत हॉलभर फिरत होते.

ताईंनी शिट्टी वाजवली. काका ठरल्याप्रमाणे जमिनीवर आडवे झाले, तेही आधी पेपर अंथरून.

"पेशंटच्या हाताला मार आहे!" ताईंनी हात गळ्यात बांधला. "गुडघ्याला मार आहे!" गुडघा बांधला. काका पडल्या पडल्या सूचना देत होते. "विमल, गाठ सैल आहे. विमल, वडलांनी हेच शिकवलं का?" ताई एक क्षण थांबल्या.

"पेशंटच्या जबड्याला मार आहे," त्या शांतपणे म्हणाल्या.

हनुवटीखालून डोक्यावर, डोक्यावरून हनुवटीखाली. गाठ अशी की बघत राहावं! काकांचं तोंड बंद झालं आणि हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. मुन्नालालजी तर चक्क उठून उभे राहिले.

ड्रिल संपली, सुट्टी झाली. काकांनी मोकळा हात जबड्याकडे नेला, तशी ताईंनी आवाज चढवला. "पेशंट स्वतः पट्टी सोडत नसतो! डॉक्टर सांगेपर्यंत सोडायची नाही." काका एरवी देवालाही दोन शब्द सुनावतील. पण त्या आवाजापुढे निमूट बसले. मग ताईंनीच त्यांना स्कूटरवर मागे बसवून लोकमान्यनगरला पोचवलं. कॉलनीतून तसेच गेल्यावर व्हायचं ते झालं! काका घरात शिरून पाणी मागायच्या आत चार जण शहाळी घेऊन दारात हजर. त्यांतली एक मीच! मी खरं काय ते सांगायच्या आत सासूबाईंनी शहाळं हातात देऊन पाठवलेली.

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. काका खुणा करत होते, डोळे वटारत होते, पण शब्द म्हणून बाहेर पडत नव्हता. सगळ्या खोलीत कशी छान शांतता होती. काकूंना हकीकत कळली. त्यांनी ताईंना आत स्वयंपाकघरात बोलावलं, हातावर तिळाची वडी ठेवली आणि हळूच विचारलं,

"विमल, ही जबड्याची पट्टी मला शिकवशील का गं?"

*

आणि मग आलं ऑडिट.

खरं सांगते, हसत होते तरी आतून मी धास्तावले होते. वर्षभर पेट्या भरल्या आणि वर्षभर त्या रिकाम्या झाल्या. ऑडिट आठ दिवसांवर आलं तेव्हा मी शेवटचा उपाय केला. सातही पेट्या काठोकाठ भरल्या. नवा कापूस, नवं मलम, पट्ट्या, ओआरएस, सात कोऱ्या कात्र्या. झाकणाच्या आत यादी चिकटवली. झाकण बंद करून त्यावर कागदाचं सील लावलं, माझी सही आणि तारीख घालून. मग सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं.

"ऑडिट होईपर्यंत या सीलला कुणी हात लावला तर माझ्याशी गाठ आहे! बारा जणींच्या नोकरीचा प्रश्न आहे."

कैलाश भिया म्हणाले, "मॅडमजी, जान चली जाए, सील नहीं टूटेगी."

आणि खरंच नाही तुटलं! रोज सकाळी मी फेरी मारायची. सातच्या सात सीलं जागच्या जागी. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! या आठ दिवसांत कुणाला कापलं तर लोक काय करतात, हे विचारायचं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

ऑडिटर आला. तोच, चष्मेवाला. पहिली पेटी पाहिली, सील पाहिलं, "गुड" म्हणाला. दुसरी, "गुड". मी हवेत! मग आम्ही नव्या लाइनवर आलो. बाराही जणी ओळीनं उभ्या. संगीताचे हात जोडलेले, कुणाला दिसू नयेत असे पाठीमागे. तिथेच भिंतीवर सातवी पेटी.

त्यानं पुठ्ठ्याची एक शीट उचलली आणि त्याच त्याच्या हळू आवाजात विचारलं, "यहाँ कट लगने के केस होते हैं क्या?" आणि विचारता विचारता त्यानं शीटच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"साहब, हाथ मत फेर..." भिया म्हणाले, पण उशीर झाला होता.

रक्ताची धार पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर. साहेबांचा चेहरा शर्टाहून पांढरा. पेटी त्याच्या डोक्यावर हातभर अंतरावर, आणि मी नुसती ओरडतेय, "पेटी! पेटी!"

पेटीकडे कुणी वळलंसुद्धा नाही. उलट बाराही जणींनी झटकन मोबाईल बाहेर काढले! मला वाटलं, झालं, आता व्हिडिओ काढणार. "मोबाईल आत ठेवा!" मी किंचाळले. आणि मग बघते तर काय, सगळ्या जणी मोबाईलचं मागचं कव्हर सोलत होत्या. प्रत्येक कव्हराखाली पट्टी. कुणाकडे दोन, कुणाकडे तीन! वर्षभर मी शोधत होते त्या सगळ्या पट्ट्या. कैलाश भिया नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात म्हणे: पुठ्ठा कापतोच, पट्टी मोबाईलमागे ठेवायची.

तेवढ्यात जोशीकाका आले. शर्टाच्या खिशातून फुलवातींची जुडी काढली, एक वात सोडवली, जखम पुसली, फेकली. दुसरी, फेकली. "एका वेळी एक पुरते," ते साहेबांना समजावत होते. भियांच्या पँटच्या खिशातून मलमाची ट्यूब आली. विमलताई गर्दी बाजूला सारत पुढे झाल्या. "हात वर! छातीच्या वर!" साहेबांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. ताईंनी कमरेच्या दोरीला लटकवलेली कात्री काढली, ड्रिलमधलं उरलेलं बँडेज कापलं आणि अंगठा, तळवा, मनगट असं सगळं मिळून एक पक्कं काम करून टाकलं. बॉयलरकडून मुन्नालालजी धावत आले, हातात संतरे वाल्याचा ग्लास. "पी लीजिए साहब, जी घबराता है."

साहेब ग्लास संपेपर्यंत प्यायले. चेहऱ्यावर रंग आला.

"डॉक्टर बोले तब तक पट्टी खोलना नहीं," ताईंनी बजावलं. साहेबांनी मान हलवली. त्या आवाजापुढे कोण काय बोलणार?

मग त्यांनी वर पाहिलं. डोक्यावर पेटी. पेटीवर सील. सीलवर माझी सही, जशीच्या तशी.

"ये सब हो गया," ते अगदी हळू म्हणाले, "लेकिन बॉक्स तो किसी ने खोला ही नहीं?"

संगीता माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, संपलं सगळं, आणि ते माझ्याच अकलेनं. खरं काय ते सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडणार, तोच कैलाश भियांनी पटकन उत्तर दिलं.

"साहब, उसको कैसे खोलते? वो तो ऑडिट वाला है!"

साहेब फाइल डाव्या बगलेत धरून गाडीत बसले आणि गेले.

पुढचे तीन दिवस मला घास गोड लागला नाही. बारा जणींना काय सांगायचं, कसं सांगायचं, मी आरशासमोर बोलून बघत होते. संगीतानं त्या तीन दिवसांत एकदाही काही विचारलं नाही. ते जास्त लागलं.

चौथ्या दिवशी बाबूजींनी बोलावलं. पुढे रिपोर्ट. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला आणि कागद माझ्याकडे सरकवला. ऑर्डर आमच्याकडेच राहिली होती! मी तिथेच खुर्चीत बसून रडले, बाबूजींच्या देखत.

डोळे पुसून खाली पाहिलं. फर्स्ट एडपुढे शेरा होता: "व्यवस्था उत्तम. सूचना एकच. भिंतीवरच्या पेट्या लवकरात लवकर कर्मचाऱ्यांच्या खिशांच्या दर्जाला आणाव्यात."

त्याखाली साहेबांची सही होती. वाकडीतिकडी, मोठाल्या अक्षरांची, डाव्या हातानं केलेली.